ग्रेट डेनचा नाद : सुरुवात एका पंपदुरुस्तीने झाली

उद्यमनगरी

मागच्या आठवड्यात या मंचावरील एका सदस्यांनी विचारले होते की, घरात माणसांना पाय पसरायला जागा नसताना लोक वासराएवढी कुत्री पाळतात तरी कशासाठी. प्रश्न खोचक होता, पण रास्त होता. गेल्या तीस वर्षांत मी एकामागून एक तीन ग्रेट डेन पाळले, तेव्हा उत्तराचा पहिला मान आपला, असे समजून हा धागा काढत आहे. ‘कशासाठी’ हे मला आजही नीट सांगता येणार नाही. ‘कधीपासून’ हे मात्र अगदी जागेसह सांगता येते.

साल १९७८, मे महिना. मी नऊ वर्षांचा होतो. आम्ही कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत एका वाड्यातल्या दोन खोल्यांत राहत होतो आणि वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, उद्यमनगरातल्या एका कारखान्यात फिटर होते. ऑइल इंजिन आणि पाण्याचे पंप यांत त्यांचा हात बसलेला असल्यामुळे सुट्टीच्या दिवशी त्यांना बाहेरची कामे यायची. एके दिवशी रुईकर कॉलनीतल्या एका बंगल्यातून निरोप आला की विहिरीवरचा पंप पाणी ओढत नाही. माझ्या शाळेला सुट्टी होती, म्हणून आबांनी मला सायकलच्या नळीवर बसवले, पान्ह्यांची पिशवी माझ्या गळ्यात अडकवली आणि आम्ही निघालो.

पंप ग्लँडमधून, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती दोरी भरून बंद केलेल्या जागेतून, हवा घेत होता. आबा उकिडवे बसून आतली जुनी दोरी आकड्याने उकरून काढत होते आणि मी भिंतीला पाठ लावून, मागतील तो पान्हा हातात द्यायला उभा होतो. कुत्रे कधी आले ते मला कळलेच नाही. एवढ्या मोठ्या जनावराच्या पावलांचा काहीतरी आवाज व्हायला हवा होता, तो झाला नाही. डावीकडचे ऊन अडल्यासारखे वाटले म्हणून मान वळवली, तर माझ्या हनुवटीच्या उंचीवर एक काळे तोंड होते. अंग हरणाच्या रंगाचे, छाती खोल, कान कापून उभे केलेले, आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची एक तार लोंबत होती, ती तुटतही नव्हती आणि पडतही नव्हती. गल्लीतली कुत्री बघत वाढलेल्या मला हे कुत्रे आहे, हे पटायलाच वेळ लागला. ओरडायचे होते, पण आवाज फुटेना. त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ते वळून माझ्या अंगाला लागून उभे राहिले आणि मग, दिवसभर राबलेला हमाल खांबाला टेकावा तसे, सगळा भार माझ्यावर टाकून मोकळे झाले.

मागे भिंत आणि पुढे कुत्रे, अशी माझी गत झाली. त्याच्या बरगड्या माझ्या छातीला लागल्या होत्या आणि आतले ठोके मला सदऱ्यातून कळत होते. माझे काळीज धडधडत होते; त्याचे सावकाश, घरच्यासारखे चालले होते. आबांनी मागे न बघता हात केला आणि बारा नंबरचा पान्हा मागितला. पान्हा माझ्या हातातच होता, पण हात कुत्र्याच्या पोटाशी अडकला होता. दुसऱ्यांदा मागूनही मिळेना तेव्हा ते वळले, क्षणभर बघत राहिले आणि “हलू नगंस” एवढेच म्हणाले. व्हरांड्यात शेंगा निवडत बसलेल्या बाई हसत म्हणाल्या, “काही करत नाही ते. त्याला टेकायला कोणीतरी लागतं.”

हे सगळे फार तर पाच-सात मिनिटे चालले असेल. त्यात भीती नेमकी कधी गेली ते सांगता येत नाही, पण ते बाजूला झाले तेव्हा माझ्या अंगाला एकदम गार वाटले आणि ते परत यावे असे वाटू लागले, हे मला स्वच्छ आठवते. पंप सुरू झाला, आबांना मजुरी मिळाली, मला एक लाडू मिळाला. परत येताना सायकलवर मी काही बोललो नाही आणि आबाही बोलले नाहीत. कुत्र्याचे नाव विचारायचे तेवढे राहून गेले.

या जातीला काय म्हणतात हे कळायला पुढे दोन वर्षे गेली. करवीर नगर वाचन मंदिरात एका जाडजूड इंग्रजी पुस्तकात मला ते तोंड सापडले आणि खाली नाव होते ग्रेट डेन. डेन म्हणजे डेन्मार्कचा, असे मी कितीतरी वर्षे सर्वांना छातीठोकपणे सांगत असे. ते चूक होते. ही जात जर्मनीत घडली. रानडुकरांच्या शिकारीत डुकराला धरून ठेवायला तिकडे अशी थोराड कुत्री लागत. डेन्मार्कचे नाव चिकटले ते अठराव्या शतकातल्या ब्यूफों या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने त्यांना ‘मोठा डॅनिश’ म्हटल्यामुळे. जर्मनीत वेगवेगळ्या गावांच्या नावांनी ओळखली जाणारी ही कुत्री एकाच नावाखाली, ‘डॉइचे डॉगे’ म्हणून, आणायचे बर्लिनमध्ये ठरले ते १८७८ साली, म्हणजे माझी आणि त्या कुत्र्याची गाठ पडण्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी. या योगायोगाला काही अर्थ नाही, पण तो मी प्रत्येकाला सांगतो.

कुत्रे घरात यायला मात्र १९९६ उजाडले. कळंब्याच्या बाजूला आम्ही अंगण असलेले घर बांधले आणि दुसऱ्याच महिन्यात मी पुण्याहून दोन महिन्यांचे पिल्लू आणले. त्याचे नाव सर्जा. आबांचे त्यावरचे मत एका वाक्यात होते : “एवढ्या खुराकात म्हस पाळली असतीस तर दूध तरी दिलं असतं तिनं.”

खुराक हा शब्द निघालाच आहे, तर माझी सर्वांत मोठी चूक येथेच कबूल करतो. आमच्या जुन्या पेठेतले एक वयस्क पैलवान सर्जाला बघायला आले. त्यांनी त्याचे पंजे हातात धरून पाहिले, पाठीवरून हात फिरवला आणि हा गडी तयार करायचा तर कसे, ते तालमीत नव्या पोराला सांगावे तसे सांगितले. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचे समोर काढलेले म्हशीचे दूध, रोज चार अंडी, भिजवलेले बदाम वाटून, वर चमचाभर तूप, आणि हाडे बळकट व्हावीत म्हणून औषधाच्या दुकानातली कॅल्शियमची बाटली. कोल्हापुरात पैलवानाने खुराक सांगितल्यावर त्यावर शंका कोण घेणार? मी तीन महिने सगळे इमानेइतबारे केले. सर्जा असा वाढला की रस्त्यावर लोक सायकली थांबवून बघायचे आणि मी कॉलर ताठ करून उभा असायचो.

पाचव्या महिन्यात त्याचे पुढचे पाय फेंगडे दिसू लागले. मनगटापाशी जाड गाठी आल्या, पंजे बाहेर वळले, आणि सकाळी उठताना तो कण्हू लागला. जनावरांच्या डॉक्टरांनी पाहिले, काय काय देता म्हणून विचारले आणि माझी यादी संपल्यावर कपाळाला हात लावला. या जातीचे पिल्लू अर्धा-पाऊण किलोचे जन्मते आणि वर्षाच्या आत पन्नास किलोंच्या आसपास जाते. त्याची हाडे आधीच धावत असतात, त्यांना आणखी पळवायचे नसते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने १९७४ साली नेमका ग्रेट डेनच्याच पिल्लांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला होता : हवे तेवढे खाऊ घातलेल्या पिल्लांची हाडे, हात राखून खाऊ घातलेल्या पिल्लांपेक्षा कितीतरी जास्त बिघडली होती. माझ्या पैलवानी खुराकाच्या बावीस वर्षे आधी हे छापून आलेले होते. बाटली बंद झाली, दूध बंद झाले, वजन उतरवले; पाय बऱ्यापैकी सुधारले, पण सर्जा शेवटपर्यंत थोडा फेंगडाच चालला. २००३ साली, सात वर्षांचा होऊन तो गेला.

दुसरा हैबती. तो २०१० साली, सहाव्या वर्षी, एका रात्रीत पोट फुगून गेला. रात्री अकराच्या सुमारास तो ओकारी काढू लागला. काहीच बाहेर पडत नव्हते आणि पोट नगाऱ्यासारखे वाजत होते. ज्या दवाखान्यात फोन केला तेथून गॅस झाला आहे, सकाळी आणा, असे सांगण्यात आले. सकाळ त्याला मिळाली नाही. दवाखान्याचे नाव लिहीत नाही, कारण दिवसाचे सगळे अन्न रात्री एकदाच भरपेट घालण्याची सवय माझी होती, त्यांची नव्हती.

तिसरी तुंगा, मादी, २०११ ते २०२०. ती नऊ वर्षे जगली, जी या जातीत चांगलीच म्हणायची. सात ते दहा वर्षांपलीकडे डेन सहसा जात नाहीत. तिच्याबद्दल लिहायला बसलो तर हा धागा मावणार नाही. एकच सांगतो. तिची शेपटी जेवणाच्या टेबलाच्या उंचीला यायची आणि कोणी घरी आले की बोळात दोन्ही भिंतींवर आपटायची. शेपटीचे टोक फुटून रक्त यायचे आणि आमच्या पिवळ्या डिस्टेंपरवर कमरेच्या उंचीला लाल ठिपक्यांची पट्टी उठायची. पाहुणे घाबरून विचारायचे, येथे काय झाले? आनंद झाला, असे माझी पत्नी सांगायची.

तिघांतही एक गोष्ट समान होती. प्रत्येक जण टेकायचा. सर्जाच्या काळात आबा संध्याकाळी अंगणात भिंतीशी उभे राहून वर्तमानपत्र वाचायचे आणि तो त्यांच्या मांडीला रेलून उभा असायचा. आबांनी त्याला कधी कुरवाळले नाही आणि कधी हटवलेही नाही. पान उलटायचे झाले तर हात वर करून उलटायचे.

आपल्यापैकी कोणाला अशा थोराड जातीचा नाद लागला असेल तर तो कसा लागला, ते कृपया लिहावे.

गंगावेस

खुराकाचा परिच्छेद वाचून हसू आले आणि मग वाईटही वाटले. आमच्या भागात कोणतेही बाळ, मग ते माणसाचे असो, रेडकाचे असो किंवा कुत्र्याचे, अंगाने भरले नाही तर घरच्यांना शेजारी जाब विचारतात. माझ्या मामांच्या डॉबरमनलाही शेजारच्या तालमीतून थंडाई यायची. त्याचे पाय सरळ राहिले, याचे श्रेय मामींना आहे. त्या ती स्वतः पिऊन टाकत असत.

जनावरांचा_डॉक्टर

धागाकर्त्यांनी स्वतःच्या चुका ज्या प्रांजळपणे लिहिल्या आहेत, त्यामुळे माझे काम सोपे झाले आहे. तरीही दोन गोष्टी नीट सांगणे मला आवश्यक वाटते, कारण हा धागा वाचून कोणीतरी पिल्लू आणणारच.

पहिली गोष्ट कॅल्शियमची. पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याच्या आतड्याला गरजेपुरते कॅल्शियम घेऊन बाकीचे सोडून देता येते. पिल्लाला, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत, ते पुरेसे साधत नाही. आपण जितके घालू त्यातले बरेचसे रक्तात जाते आणि वाढणाऱ्या हाडाच्या टोकाशी असलेल्या कूर्चेचे हाडात रूपांतर होण्याचा क्रम बिघडतो. हॉलंडमध्ये उट्रेख्ट येथे १९८०च्या दशकात हेच ग्रेट डेनच्या पिल्लांवर दाखवून देण्यात आले. थोराड जातींच्या पिल्लांसाठी तयार केलेले अन्न देत असाल तर वरून कॅल्शियमचा एक थेंबही घालू नये. पिल्लाच्या बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. लोक त्याला वाळलेले म्हणतील, म्हणू द्यावे.

दुसरी गोष्ट पोट फुगण्याची, कारण हैबतीसारखी प्रकरणे मी दरवर्षी पाहतो. यात जठर वायूने नुसते फुगत नाही, तर स्वतःभोवती पीळ घेते. अन्नाची वर-खाली दोन्ही तोंडे बंद होतात, जठराचा आणि कधीकधी प्लीहेचा रक्तपुरवठा तुटतो, आणि फुगलेल्या जठराखाली मोठी शीर दबून हृदयाकडे परत जाणारे रक्त कमी पडते. ग्रेट डेनची छाती खोल आणि अरुंद असल्यामुळे सर्व जातींत हा धोका तिला सर्वाधिक आहे. ओकारी काढत आहे पण काही बाहेर पडत नाही, लाळ गळते आहे, बसता येत नाही आणि उभे राहवत नाही, पोट ताणलेले आहे, एवढे दिसले की घड्याळ सुरू झाले असे समजावे. सकाळपर्यंत थांबण्याचा सल्ला कोणीही दिला, अगदी मी दिला, तरी ऐकू नये. अन्न दिवसातून दोन-तीन वेळा विभागून द्यावे आणि भकाभका खाणाऱ्याला हळू खायला लावावे. जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून अडकवण्याची शस्त्रक्रिया करून घेता येते. मादीचे गर्भाशय काढताना ती त्याच भुलीत होते. जठर त्यानंतरही फुगू शकते, पण सहसा पीळ घेत नाही.

जाता जाता एक. उंच कुत्र्याला मान वाकवावी लागू नये म्हणून लोक हौसेने सुताराकडून जेवणाच्या भांड्यासाठी तिवई करून घेतात. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० सालच्या अभ्यासात उंचावर ठेवलेल्या भांड्याचा संबंध पोट फुगण्याच्या वाढत्या धोक्याशी आढळला होता. तेव्हा तिवईवर कुंडी ठेवावी आणि भांडे जमिनीवर.

उद्यमनगरी

डॉक्टरसाहेब, मनःपूर्वक आभार. हैबतीची तिवई मी स्वतः अँगल वेल्डिंग करून बनवली होती आणि तिच्यावर मला अभिमान होता. आज तिच्यावर तुळस आहे. तुंगाची शस्त्रक्रिया आम्ही २०१२ साली करून घेतली होती. तिला पोटाचा त्रास कधी झाला नाही.

सीमाभाग

लेखन आवडले, परंतु एक तक्रार नोंदवतो. कोल्हापूरच्या माणसाने मोठ्या कुत्र्याच्या प्रेमात पडावे आणि ते जर्मनीचे असावे, हे मला खटकले. कर्नाटकातले मुधोळ काही फार लांब नाही. आपल्या धनगरांच्या मेंढरांमागे आणि माळावर सशामागे धावणारे कारवानी कुत्रे, ज्याला मुधोळ हाउंड म्हणतात, ते याच मातीचे आहे. २००५ साली टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले. उंची दोन-सव्वादोन फूट भरते, पाय काटकुळे असले तरी मोडत नाहीत, भाकरी-ताकावर राहते आणि उन्हाने धापा टाकत बसत नाही. आमच्या आजोबांकडे दोन होती आणि माझा नाद तेथूनच सुरू झाला. गहू मळून झाल्यावर मोकळ्या रानात ती दोघे सुटली की पाय जमिनीला लागत नव्हते, असे वाटायचे. खुराकाचा प्रश्न त्यांच्या बाबतीत कधी आलाच नाही, कारण खुराक नव्हताच.

उद्यमनगरी

तक्रार मान्य आहे. कारवानी मी जवळून पाहिली आहेत आणि पळताना त्यांच्याइतके देखणे जनावर नाही, हे लिहून देतो. नऊ वर्षांच्या वयात रुईकर कॉलनीत कारवानी भेटले असते तर आज मी तुमच्या बाजूने भांडत असतो. परंतु ते अनोळखी पोराला टेकले असते का? माझ्या अनुभवात कारवानी परक्याला अंगाला हात लावू देत नाही. चार पावले लांब उभे राहून बघते. त्यात त्याचा मान आहे. माझ्या वाट्याला आधी मान सोडून टेकणारे आले, याला इलाज नाही.

शाहूपुरीचा_कुंभार

टेकण्यावरून आठवले. ऑगस्ट २०१९च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी चढले तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर होतो, आणि आमच्यासोबत शेजाऱ्यांचा साठ किलोंचा काळा डेन होता, कारण त्यांचे घर बैठे होते. तोपर्यंत मला त्या कुत्र्याचा मनस्वी राग होता. त्याने सुकायला ठेवलेल्या गणपतीच्या कच्च्या मूर्तींवर शेपटी मारून दोनदा नुकसान केले होते. तिसऱ्या दिवशी मुलांनी नाव आणली. नावेतला मुलगा सारखा ओरडत होता की कोणी एका बाजूला बसू नका. सगळे नीट बसले, आणि कुत्रे उभ्या उभ्या माझ्यावर रेलले. नाव कलली. सगळे ओरडले. माझ्याकडे दुसरा मार्ग नव्हता म्हणून मी त्याच्या कमरेला मिठी मारली आणि त्याला मधोमध ओढून मांडीवर घेतले, म्हणजे जेवढे मावले तेवढे घेतले. ते थरथरत होते. तोवर मला वाटत होते की एवढ्या अंगाच्या जनावराला भीती वाटत नसावी. पाणी उतरल्यावर घरी परतलो, मूर्ती गेल्याच होत्या, तेव्हा त्याच्यावर रागवायला काही शिल्लकही राहिले नव्हते. आता आमच्याकडे त्याच शेजाऱ्यांकडून मिळालेली त्याची पुतणी आहे. कच्चा माल पत्र्याच्या खोलीत कुलपात ठेवतो.

दर्यावर्दी

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षे मालवाहू जहाजांवर होतो. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळ सायमन्सटाउन येथे धक्क्यापाशी एका ग्रेट डेनचा पुतळा आहे. नाव ‘जस्ट न्यूसन्स’, म्हणजे आपल्या भाषेत ‘नुसती कटकट’. ते खलाशांबरोबर आगगाडीने फुकट फिरायचे आणि रेल्वेचे अधिकारी त्याच्यावर वैतागले होते. तोडगा म्हणून ब्रिटिश नौदलाने १९३९ साली त्याला रीतसर खलाशी म्हणून भरती करून घेतले, म्हणजे प्रवासाचा प्रश्न मिटला. भरतीच्या कागदावर त्याचा धंदा ‘हाडे फोडणारा’ असा लिहिला होता. १ एप्रिल १९४४ रोजी, सातव्या वाढदिवशी ते गेले आणि त्याला नौदलाच्या इतमामाने पुरण्यात आले. पुतळ्याच्या डोक्यावर हात ठेवून मीही छायाचित्र काढून घेतले होते. माझा नाद एवढ्यावरच थांबला, फ्लॅटमध्ये राहतो.

पांढरी_बहिरी

माझी सुरुवात फसवणुकीने झाली. २०१४ साली मला एका विक्रेत्याने संपूर्ण पांढरे ग्रेट डेन पिल्लू ‘अत्यंत दुर्मिळ’ म्हणून दीडपट किमतीला दिले. नाव लिहीत नाही. घरी आणल्यावर आठवड्याभरात लक्षात आले की प्रेशर कुकरची शिट्टी झाली तरी ते झोपेतून हलत नाही. नंतर डॉक्टरांकडून समजले की ठिपक्याठिपक्यांच्या दोन कुत्र्यांची जोडी लावली की अशी पांढरी पिल्ले निघू शकतात, आणि ज्या जनुकीय कारणाने रंग जातो त्याच कारणाने पुष्कळदा कानही जातात, कधी डोळेही. माझ्या पिल्लाचे डोळे चांगले होते, हे नशीब. परत द्यावे असे सासूबाई म्हणत होत्या. मी त्याला हाताच्या खुणा शिकवायला घेतल्या आणि त्या माझ्याआधी सासूबाईंनीच शिकून घेतल्या. लांबून बोलवायचे तर त्या फरशीवर टाच आपटतात, ते पायातून कळून ती मान वर करते. ती आज अकरा वर्षांची आहे, जे डॉक्टरांनाही नवल वाटते. आणि हो, ती टेकते. तिला ऐकू येत नाही म्हणून कदाचित जरा जास्तच टेकते, कारण आम्ही बोलतो ते तिला अंगातूनच कळत असावे. हे माझे मत आहे, शास्त्र नव्हे.

खोचक

मागच्या आठवड्यातला प्रश्न माझाच होता. उत्तर मिळाले, असे म्हणणार नाही. महिन्याचा खर्च कोणीच लिहिलेला नाही, हे माझ्या नजरेतून सुटलेले नाही. परंतु धागाकर्त्यांना एक विचारतो. ज्या कुत्र्यापासून हे सगळे सुरू झाले, त्याचे नाव कळले नाही, हे मनाला पटत नाही. तुमचे वडील असतील तर त्यांना विचारा की. आणि आता चौथे का आणले नाही, तेही सांगा.

उद्यमनगरी

खर्चाबद्दल मौन हेच उत्तर समजावे.

चौथे आणले नाही, याचे कारण माझे गुडघे. तुंगाच्या शेवटच्या चार महिन्यांत तिचे मागचे पाय उचलेनात. पोटाखालून पंच्याची झोळी घालून तिला दिवसातून पाच वेळा अंगणात न्यावे लागे. तेव्हा मी एकावन्न वर्षांचा होतो. आता आणलेले पिल्लू म्हातारे होईल तेव्हा मी पासष्टीला असेन, आणि झोळीचे दुसरे टोक कोण धरणार, हे ठरल्याशिवाय पिल्लू आणणे बरे नव्हे.

नावाबद्दल : आबा ऐंशीच्या घरात आहेत, कान थोडे कमी झाले आहेत, पण जुने सगळे लख्ख आठवते. काल रात्री जेवण झाल्यावर त्यांना विचारले की रुईकर कॉलनीत आपण पंप करायला गेलो होतो, तिथलं ते मोठं कुत्रं आठवतं का. ते लगेच म्हणाले, “छोटू.”

मला वाटले त्यांनी दुसरेच काही ऐकले. मी पुन्हा विचारले.

“छोटू म्हणायच्या की त्याला बाई. टेकायचं ते.”

मी म्हणालो, आबा, त्या दिवशी तर नाव कोणी घेतलंच नव्हतं, मला चांगलं आठवतं.

“त्या दिवशी न्हाई. मागनं गेलतो मी चार-दोन बारी.”

पंप परत बिघडला होता का, असे मी विचारले. आबांनी बडीशेप तोंडात टाकली आणि टीव्हीकडे बघत म्हणाले, “पंपाला काय बी झालं नव्हतं.”